आपल्याच लेखाला आपलं मत

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच तडकली आहे, बॅटरी फुगली आहे आणि येरवड्यातल्या एका घरात शिवणयंत्राच्या खणात मी पडून असतो. माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवते ती मेहजबीन.

मेहजबीन शिवणाचे क्लास घेत असे. फावल्या वेळात ती माझ्या पडद्यावर लेख लिहायची. आजीची गोधडी, नवरीचा शरारा, काजं करताना बोटांना पडणारे घट्टे, असं काय काय. हे लेख ती ‘ओंजळ’ नावाच्या अ‍ॅपवर टाकी. तिथली रीत अशी, की वाचकांनी लेखाला मत द्यायचं. ज्याला मतं जास्त, तो पुणे शहराच्या सामाईक पानावर वर आणि बक्षिसातला मोठा वाटाही त्याचाच. बक्षिसाच्या पैशांचं भांडं सगळ्यांचं एकच. पहिल्या लेखाचं कौतुक झालं तेव्हा मेहजबीननं मला ओढणीनं पुसलं होतं. मला फार अभिमान वाटला होता.

तिला ओंजळीवर आणलं ते तिच्या मैत्रिणीनं, सत्यशीलानं. ती मूळची वाशिमची, नोकरीसाठी पुण्यात आलेली. विश्रांतवाडीत वडिलांसोबत राहायची. वडिलांना विसरण्याचा आजार जडला होता.

स्वतःच्या लेखाला एक मत द्यायला ओंजळीवर मनाई नव्हती. लोक देत, जरा लाजून. पण मतं आटू लागली तशी मेहजबीननं आईच्या नावानं, भावाच्या नावानं, मग जगात नसलेल्या माणसांच्या नावानंही खाती उघडली. सकाळचा चहा झाला की एकेका नावानं आत शिरून ती स्वतःलाच मत देई. लेख वर चढत गेले, लिखाण मात्र पातळ होत गेलं.

सत्यशीलाच्या ते लक्षात आलं. “एक मत ठीक आहे गं,” ती म्हणाली, “पण वाढपीच आपल्या पानात वाढत बसला, तर पंगतीनं काय करायचं?”

“सगळेच करतात.”

“हो का? मग चालू दे. पोट भरलं की सांग.”

आणि एका सकाळी सत्यशीलाचे वडील घरातून निघून गेले. तिनं पोलिसांत कळवलं आणि ओंजळीवरही त्यांचा फोटो टाकला. निळा स्वेटर, पाय अनवाणी, नाव सांगता येत नाही. तो फोटो माझ्या पडद्यावर आला. “या अल्लाह!” मेहजबीन पुटपुटली. तिनं त्याला एक मत दिलं. मग सवयीनं तिचा अंगठा स्वतःच्या नव्या लेखाकडे वळला आणि एकामागून एक सगळी खाती फिरला. पुण्याच्या पानावर तिचा झालरींचा लेख झळकला, त्याखाली तिचेच आणखी काही. म्हाताऱ्याचा फोटो खाली सरकत सरकत दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी वडील आळंदी रस्त्याकडेच्या नाल्यात सापडले. जवळच चहाची टपरी चालवणाऱ्या मथुराबाई पोलिसांसमोर रडत होत्या. “अहो, माझ्याच बाकावर बसले होते की! ओंजळ मी रोज बघते. फोटो दिसला असता तर उठू दिलं असतं का त्यांना?”

मेहजबीन तिथंच उभी होती. मी तिच्या मुठीत होतो.

दिवसकार्य झाल्यावर ती सत्यशीलाकडे गेली. “तुझा फोटो माझ्यामुळे खाली गेला,” ती कशीबशी म्हणाली.

“माहीत आहे. मी दिवसभर ते पानच बघत होते.” सत्यशीलानं दार उघडं धरलं. “आता आपण निघावं.”

इतक्या वर्षांची ‘तू’ त्या क्षणी ‘आपण’ झाली.

घरी येऊन मेहजबीननं सगळी खाती बंद केली, स्वतःचंही. मला खणात ठेवलं. त्यानंतर ती काही लिहीत नाही.

मित्रांनो, आपल्या कामाला आपण एक मत द्यावं, त्यात पाप नाही. पण सगळ्यांच्या पानावर वर चढताना पायाखाली कुणाची हाक दबत नाही ना, एवढं वाकून बघा. मी यंत्र आहे. अंगठा दाबेल तिथं मत देतो. बघायचं काम तुमचं.