चार निळे टी-शर्ट

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या, प्रफुल्लच्या हौसेला मापही नसतं. त्याची पुण्याला बदली झाली होती, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आणि आमची लेक रक्षा निघणार होतो. त्याआधी आईबाबांना घेऊन एकदा धरणावरच्या टेकड्या चढायच्या, असं त्यानं ठरवलं. इथवर ठीक होतं. पण आदल्या संध्याकाळी हा माणूस चार निळे टी-शर्ट घेऊन घरी आला. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'ताकसांडे परिवार'. बॅण्डपथक वाटणार आपण, असं मी म्हटलं, पण रक्षा तोवर टी-शर्ट चढवून आरशासमोर उभी राहिलीसुद्धा.

सासूबाईंनी, धुरपताआईंनी, आपली साडीच बरी म्हणून आधीच सुटका करून घेतली होती. अडलं ते सासऱ्यांपाशी. लहानूबाबा कारकुनी करून निवृत्त झालेले आणि गेली दोन वर्षं अंगावर पांढऱ्याशिवाय कपडा नाही. रोज सकाळी विहारात वंदनेला जातात, त्यामुळे वयाबरोबर मन धम्माकडे जास्त वळलं असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

"मी पांढराच घालतो," बाबा म्हणाले.

"एका दिवसानं काय होते बाबा? फोटोत सारे सारखे दिसले पाह्यजे."

"मले नाई घालायचा."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, "घाला न वो. पोराचं मन मोडू नका." बाबांनी तिकडं बराच वेळ पाहिलं आणि मुकाट्यानं टी-शर्ट उचलला. एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा हेका, असं माझ्या मनात आलं. मी शाळेत शिकवते, हेकेखोर मुलं मला चालतात, हेकेखोर म्हातारे नाही.

सकाळी सिंदी मेघेहून निघालो, सेलूवरून आत वळलो आणि टेकड्यांच्या पायथ्याशी गाडी लावली. डिसेंबरचं ऊन, गुडघ्याएवढं वाळलेलं गवत, मधूनमधून साग आणि टेंभुर्णी. आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. दोन टेकड्या ओलांडल्या की तिसरीच्या माथ्यावरून धरणाचं पाणी दिसतं, आणि ते थेट समुद्रासारखं, असं प्रफुल्ल गाडीत चारदा तरी म्हणाला होता. आईंचं माहेर समुद्रपूरचं. नाव समुद्रपूर आणि जन्मात समुद्र पाहिला नाही, यावरून त्यांची घरात नेहमी थट्टा चाले.

"पाहू देजा बाप्पा आज," त्या म्हणाल्या. "पाण्यासाठीच आली मी."

चढ सुरू झाला आणि माझं डोकं तापायला लागलं. कारण बाबा पुढे, आई मागे. यांचं नेहमीचंच. बाजारात जा, लग्नाला जा, हे पाचसहा पावलं पुढं चालणार, वळून एकदा बघणार नाहीत, मधूनमधून नुसते खाकरणार, आणि वर रस्त्याच्या नावानं सतत कुरकुर. "काय हे गोटे... इथं उतार आला... किती हे काटे बापा." बायको मागे पडली की राहिली, याचं काही नाही, आपलं रडगाणं चालू. आजही तेच. मी आईंना म्हटलं, माझा हात धरा, तर म्हणाल्या, "राहू दे माधवी. मले त्यायच्या मांगच बरं वाटते."

दुसऱ्या टेकडीवर रक्षाच्या बुटात कुसळं शिरली. बाबा तिच्यापाशी थांबले आणि बूट काढून एकेक कुसळ वेचायला लागले. त्याच वेळी प्रफुल्ल फोटोसाठी चांगली जागा शोधत त्यांना ओलांडून पुढं गेला. आई चालत राहिल्या. मीही त्यांच्या मागून चढत होते, दमले होते, म्हणून बोलत नव्हते.

आईंनी पुढच्या निळ्या पाठीशी बोलायला सुरुवात केली.

"अवो, हळू चाला न जरा. आज तुमचं पांढरं नाई, त मले काईच उमजून नाई राह्यलं. अन् तुमीबी गप."

प्रफुल्लचा पाय जागीच थांबला.

"मी म्हटलं घाला, काऊन की पोराले संशय आला असता. एकदा त्यायचं पुण्याचं होऊ द्या, मंग सांगू डोळ्याचं. आता सांगतलं त थो जात नाई, मले मालूम आहे. डॉक्टर म्हने काचबिंदूनं गेलेली नजर वापस येत नाई. नाई त नाई. राह्यली तेवढ्यात पाणी दाखवा मले आज. पुढच्या साली दिसते का नाई, कोणाले मालूम." त्या थांबल्या, दम घेतला. "बोलत काऊन नाई?"

प्रफुल्ल वळला. त्याचा चेहरा मला आयुष्यभर विसरता येणार नाही.

"आई," तो म्हणाला, "मी आहो. प्रफुल्ल."

आईंनी हात पुढं केला. आधी टी-शर्ट चाचपला, मग खांदा, मग गाल. गाल ओला होता.

"पाठीनं बापावरच गेला तू," त्या एवढंच म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं भराभर उलगडत गेली. आईंच्या डोळ्यांत घालायचे ते थेंब, जे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे म्हणून मी रोज फ्रीजमधून काढून देत होते. भरून ठेवलेल्या पेल्याला लागणारा धक्का. पांढरा शर्ट. आणि ती कुरकुर! इथं गोटे, इथं उतार, इथं काटे. दोन वर्षं हा माणूस बायकोला रस्ता सांगत होता आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

बाबा रक्षाला घेऊन धापा टाकत वर आले. आमची तोंडं बघून त्यांना सगळं समजलं.

"बाबा, तुम्ही मले काऊन नाई सांगतलं?" प्रफुल्ल ओरडलाच. "मी काय परका आहो?"

बाबांनी दोन्ही हातांनी टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढला, त्याची घडी केली आणि माझ्या हातात दिली. आत पांढरंशुभ्र बनियान होतं. त्या थंडीत ते तसेच आईंच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"चाल, धुरपता," ते म्हणाले. "समोर मोठा गोटा आहे. डाव्या अंगानं ये."

तिसरी टेकडी आम्ही अशीच चढलो. या वेळी बाबा हळू आवाजात नाही, मोकळेपणी सांगत होते. टेंभुर्णीची फांदी, खाली वाक. इथं माती सुटली, दमानं. आई त्या बनियानच्या मागे ठाम पावलं टाकत होत्या.

माथ्यावर वारा होता. खाली पाणी पसरलेलं, उन्हात चकाकणारं, काठाला बगळे. आई कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"उजेड दिसते," त्या म्हणाल्या. "लांबच लांब. पण तिकडचा काठ नाई दिसत मले."

"आजी, आम्हालेही नाई दिसत," रक्षा म्हणाली. "धुकं आहे तिकडं."

"खरंच?"

"खरंच."

आई हसल्या. "मंग हा समुद्रच झाला."

आम्ही बसलो. भाकरी-ठेचा सोडला, संत्री सोलली. प्रफुल्लनं भाकरीला हात लावला नाही. शेवटी तो म्हणाला, "मी बदली नाई घेत. उद्याच कळवतो."

"खबरदार," आई म्हणाल्या. आवाज असा, की रक्षानंही फोड हातातच धरून ठेवली. "एवढं लपवलं थे काय यासाठी? मी तुया मांग चालतो का? मी त्यायच्या मांग चालतो. थे आहेत न घरी." मग जरा मऊ झाल्या. "तू जा. येशील तवा पांढरा शर्ट घालून येजो. दारातूनच वळखीन मी तुले."

प्रफुल्ल पाण्याकडं तोंड करून बसून राहिला.

उतरायची वेळ झाली, तेव्हा त्यानं आपला निळा टी-शर्ट काढून कमरेला गुंडाळला. त्याच्याही आत पांढरं बनियान होतं. तो बाबांच्या शेजारी, आईंच्या पुढं जाऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, थंडीनं दंडावर काटा आलेला. मी त्याला अडवलं नाही. आई पुढं आल्या आणि थबकल्या.

"दोन दोन काऊन दिसून राह्यले मले?"

कोणी काही बोलायच्या आत बाबा खाकरले. नेहमीसारखे, रस्त्यात खाकरतात तसे. आईंनी तिकडं मान वळवली आणि त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हा माया," त्या म्हणाल्या. "थो दुसरा पुण्यावाला. त्याले पुढं जाऊ द्या."