शून्य झिजलेली पट्टी

मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. मी मधोमध चिरलेली आहे आणि माझ्या चिरेत एक काळपट डाग आहे. तो शाईचा नाही. मित्रांनो, तो डाग कसा पडला तेवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. सुताराने मला रंध्याने तासले, काचपेपरने घासून गुळगुळीत केले. खुणा मात्र त्याची बायको करी. पोलादी पट्टी शेजारी ठेवून ती तापलेल्या सुईने एकेक रेघ लाकडात उठवी. आकडे ती बारीक काढी. शून्य मात्र मोठे, ठसठशीत आणि अगदी टोकाला चिकटून.

सुतार हसायचा. "अगं, शून्याला कोण विचारतंय? त्याला एवढं कशाला नटवतेस?"

"सगळे तिथूनच तर निघतात," ती म्हणायची. "निघालेल्याला आपलं घर नीट दिसायला नको?"

त्यांची लहान मुलगी लाकडाच्या भुशात बसलेली असे. आई तिचे बोट धरून माझ्या शून्यावर टेकवी आणि सांगे, "आधी इथे बोट. मग मोज."

मी विकली जाऊन शाळेत गेले आणि त्याच वर्षी सुताराची बायको तापाने गेली. सुताराने पुढे बरीच वर्षे पट्ट्या केल्या नाहीत. सुई जिथे होती तिथेच पडून राहिली. हे मला फार नंतर कळले.

शाळेत मला भूमितीच्या सरांनी घेतले. पहिली काही वर्षे चांगली गेली. सर मला एका डोळ्यासमोर धरून माझी कड पाहत आणि म्हणत, "इतकी सरळ तर माणसंसुद्धा नसतात." मी त्रिकोण काढले, वर्तुळांच्या त्रिज्या मोजल्या, शेकडो वह्यांना समास आखले. मुले मला हात लावायला भांडत.

मग एक दिवस एका मुलाला कोन समजला नाही. सरांनी तो दोनदा समजावला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझी कड खाली करून मला त्याच्या हातावर हाणले.

त्यानंतर रोजचेच झाले. सर म्हणत, "बोटं जुळव. वर धर." मुलाने पाचही बोटांची टोके एकत्र करून वर धरली की माझे टोक त्यांवर आदळे. मांसावर पडले तर आवाज बसका येतो, नखावर पडले तर टणक येतो. काही मुले रडत. काही आधीच रडून घेत. एक मुलगा मार खाताना दात इतके दाबून धरी की त्याच्या ओठातून रक्त येई. सर म्हणत, "बघा, ओरडत नाही. सुधारणार हा."

या मारामुळे माझे टोक झिजू लागले. त्याला कुसे निघत. ती सरांच्या हाताला बोचत, म्हणून सर ब्लेडने टोक तासून साफ करीत. असे करता करता ते मोठे शून्य नाहीसे झाले आणि त्याच्यापुढचे अर्धे सेंटीमीटरही गेले. सरांच्या ते लक्षात आले नाही. मारताना टोकाकडे कोण पाहतो?

पण वह्या तपासायलाही सर मलाच वापरीत. मुलाने आपल्या पट्टीने बरोबर आठ सेंटीमीटरची रेघ काढलेली असे. सर माझे तुटके टोक रेघेच्या सुरुवातीला लावत आणि रेघ साडेआठवर संपे. "आठ सांगितली होती. साडेआठ काढलीस. बोटं जुळव." मारले की मी आणखी झिजे. झिजले की आणखी मुले चुकीची ठरत.

मुले हुशार असतात, मित्रांनो. नळावर पाणी पिताना ती एकमेकांना सांगू लागली, "सरांची आठ म्हणजे आपली साडेसात." मग सगळा वर्ग आखूड रेघा काढू लागला. मार कमी झाला. सरांना वाटले, मारल्यामुळे मुले शिकली.

अशा वेळी शाळेत पाहणीच्या बाई आल्या. मारल्याने मुले जास्त शिकतात का, यावर त्यांचे संशोधन चालले होते. त्यांनी दोन वर्ग निवडले. एक सरांचा. दुसरा शेजारचा. तिथल्या शिक्षिका कधी आवाजही चढवत नसत, म्हणून मुले त्यांना हळूबाई म्हणत. पाहणीच्या बाई मागच्या बाकावर बसत. त्यांचा नियम होता की बघायचे, लिहायचे, मध्ये पडायचे नाही. एक फटका पडला की कागदावर एक रेघ. सरांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "मी इथे नाहीच असं समजा."

"तुम्ही असा की नसा, माझा हात तोच," सर म्हणाले.

त्याच सुमारास हळूबाईंच्या वर्गात बाक कमी पडले म्हणून एक मुलगी सरांच्या वर्गात आली. ती सुताराची मुलगी होती. तिने आठची रेघ आठचीच काढली आणि मार खाल्ला. दुसऱ्या दिवशीही आठचीच काढली. शेजारी बसणारी चष्मेवाली तिच्या कानाशी लागली.

"अगं वेडे, अर्धा कमी काढ. आम्ही सगळे तेच करतो."

"पण मग ती आठ नसते ना."

"नसू दे. हात तर वाचतो."

सहामाही परीक्षा झाली. भूमितीत सर सगळ्यांत जुने, म्हणून दोन्ही वर्गांचे पेपर त्यांनीच तपासले, माझ्याच साहाय्याने. सरांचा वर्ग पहिला आला. हळूबाईंची मुले धडाधड नापास झाली, कारण त्यांना सरांची आठ ठाऊक नव्हती. पाहणीच्या बाईंनी गुणांची बेरीज केली आणि लिहिले की मार खाणारा वर्ग अचूक मोजतो. मुख्याध्यापकांनी ते वाचून ठरवले की पुढच्या सत्रापासून प्रत्येक वर्गात मारायला एक पट्टी राहील. हळूबाईंनाही एक मिळणार होती. बाईंचा अहवाल दुसऱ्या शाळांनाही जाणार होता.

बाईंचा तो वर्गातला शेवटचा दिवस. सरांनी सुताराच्या मुलीला पुढे बोलावले. तिची रेघ पुन्हा साडेआठ भरली होती. पण आज ती रेघेकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. माझ्यावरचे बारीक आकडे तिने ओळखले.

"सर, ही माझ्या आईनं केलेली पट्टी आहे," ती म्हणाली. "हिला मोठं शून्य असतं. ते गेलंय."

"म्हणजे मी चुकतो?"

"तुम्ही नाही सर. पट्टी चुकते."

वर्गात कोणीतरी हसले. ते हसणे तिला महागात पडले.

सरांनी तिचे मनगट धरले आणि हात टेबलावर दाबला. या वेळी बोटे जुळवायला सांगितले नाही. पहिला फटका बोटांच्या सांध्यांवर बसला. मागच्या बाकावर पेन्सिलीने एक रेघ ओढली. दुसरा बसला. रेघ. मुलीने मान वळवून बाईंकडे पाहिले. तिसऱ्याला कातडी फाटली. रेघ. चौथ्याला माझी कड ओली झाली. रेघ. पाचव्या फटक्याला दोन आवाज एकदम झाले. एक तिच्या दोन बोटांची हाडे मोडल्याचा, दुसरा मी चिरल्याचा. कोणता कोणाचा ते मलाही कळले नाही.

पेन्सिल खाली पडली. बाई धावत आल्या आणि त्यांनी सरांचा हात धरला. मुलीचा हात रुमालात गुंडाळताना त्यांना तिची वही दिसली. त्यांनी आपल्या पिशवीतून पोलादी पट्टी काढली आणि रेघेवर ठेवली. बरोबर आठ.

सुताराला निरोप गेला. तो आला तो सरळ सरांपाशी. मी टेबलावरच पडले होते, मुलीचे रक्त माझ्या चिरेत वाळत होते. त्याने मला उचलले आणि दुसऱ्या हाताने सरांचे मनगट टेबलावर दाबून धरले.

"याच हातानं ना?"

सुताराचा हात वर गेला. रंधा मारणारा हात तो. त्याखाली सरांचे एकही बोट शाबूत राहिले नसते.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आईची आहे ती."

त्याने मला डोळ्यांजवळ नेले. अंगठा आकड्यांवरून फिरवत फिरवत तो टोकापर्यंत आला आणि थांबला.

"तिनं मोजायला केली होती," तो म्हणाला. मग त्याने मनगट सोडले. सरांचा हात टेबलावर तसाच पडून राहिला.

बाईंनी दोन्ही वर्गांचे पेपर पोलादी पट्टीने पुन्हा तपासले. हळूबाईंची जवळजवळ सगळी मुले बरोबर होती. सरांच्या वर्गात जवळजवळ कोणीच बरोबर नव्हते. बाईंनी अहवाल मागे घेतला.

मुख्याध्यापक म्हणाले, "एका पट्टीपायी वर्षाचं काम पाण्यात घालता?"

"पट्टीपायी नाही," बाई म्हणाल्या. "मी मागे बसून रेघा ओढत होते, त्यापायी."

वर्गावर्गात पट्ट्या आल्या नाहीत. सर त्या शाळेत राहिले नाहीत. मुलीची दोन बोटे मात्र आजही पूर्ण मिटत नाहीत.

आता मी सुताराच्या कारखान्यात खिळ्याला टांगलेली आहे. सुतार पुन्हा पट्ट्या करतो. खुणा मुलगी करते. तिच्या ताठ बोटांत सुई नीट बसत नाही, म्हणून वेळ लागतो. शून्य ती मोठे काढते. कोणी पट्टी घ्यायला आले की ती आधी मला खाली काढून दाखवते.

मित्रांनो, कोणाला चूक ठरवण्याआधी आपल्या मापाचे टोक तपासून घ्या. आणि तुमच्या डोळ्यांसमोर कोणी मार खात असेल, तर फटके मोजत बसू नका. हातातली पेन्सिल पहिल्याच फटक्याला खाली ठेवा.