कोणता चिल्ला

६४०

हा आकडा हुलकारचा नव्हता. जुन्या सूतगिरणीत तीस वर्षं वीज सांभाळलेल्या एर्गाश अकांच्या वहीतून तिने तो उतरवून घेतला होता. वहीत एकच ओळ होती: "चिल्ल्यात सगळ्यात जास्त – ६४० अँपिअर."

कोकांदच्या जुन्या गिरणीतली यंत्रं आता शहराबाहेरच्या नव्या इमारतीत आली होती. यंत्रं तीच, म्हणजे वीजही तेवढीच. आणि चिल्ला म्हणजे जूनअखेरीपासूनचे ते चाळीस दिवस, जेव्हा हवा गार नि ओलसर ठेवणारे पंखे आणि पंप क्षणभरही बंद होत नाहीत. त्याहून जास्त वीज कधी लागणार?

मग कोष्टक. २४० चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची केबल साडेतीनशे पेलते. अशा तीन, म्हणजे एक हजार पन्नास. शेजारीशेजारी पुरलेल्या केबली एकमेकींना तापवतात, म्हणून त्यातून थोडे वजा. फरगान्याची जमीन उन्हाळ्यात आतपर्यंत तीस अंशांवर जाते, म्हणून आणखी वजा. उरले साडेसातशे.

सहाशे चाळीसला साडेसातशे. ऐसपैस. मुख्य वीज अभियंता म्हणून हुलकारने आयुष्यातली पहिली सही ठोकली.

६४० + ?

चोवीस जून. केबली खंदकात उतरल्या होत्या, वर वाळू, वाळूवर विटांची ओळ. माती लोटायची बाकी होती. चार वाजता डांबराची गाडी येणार होती, कारण खंदक बरोबर फाटकातून जात होता.

"उद्या चिल्ला बसतो," जेसीबीवाला नोदिर म्हणाला. सावलीत बसून तो आणि हुलकार चहा पीत होते. तिला तो ओपा, म्हणजे ताई, म्हणे.

"बसेना का."

"मला उन्हाळी चिल्ला चालतो, ओपा. घाम निघतो, पण हात तरी हलतात. हिवाळी चिल्ल्यात डिझेलसुद्धा गोठतं."

हुलकारचा पियाला ओठांपाशीच राहिला. "काय म्हणालास?"

"डिझेल गोठतं."

"त्याच्या आधी."

नोदिरला आठवेना. तिला आठवलं. डिसेंबरअखेरीपासूनही चाळीस दिवस असतात, कडाक्याच्या थंडीचे, आणि त्यांनाही चिल्लाच म्हणतात. तीही म्हणते. तिच्या आईने तर तिचा जन्म "चिल्ल्यातला" म्हणूनच सांगितला होता आणि बाहेर तेव्हा गुडघाभर बर्फ होतं.

सहाशे चाळीस त्या चिल्ल्यातले असतील, तर त्यांत पंखे नाहीत. पंप नाहीत. ते दीडशे वेगळे.

६४० + १५० = ७९०

साडेसातशे पेलणाऱ्या केबलींतून सातशे नव्वद. लगेच काही होत नाही. केबल थोडी जास्त तापते, रोज. वेष्टण कडक होत जातं. मग दोनतीन उन्हाळ्यांनी, भर पाळीत, डांबराखाली

तिने फोन काढला. शोकिर अका गिरणीचे संचालक. तिला नेमताना मालकांपुढे ते म्हणाले होते, "हिच्या आकड्यामागे माझं नाव आहे."

*शोकिर अका, काम थांबवावं लागेल कारण*

पुसलं.

*शोकिर अका, चौथी केबल लागेल, ताश्कंदहून यायला तीन आठवडे*

पुसलं.

*शोकिर अका, माझी चूक*

हे पुसायला वेळ लागला.

एर्गाश अकांना चार वेळा फोन केला. बंद. जन्मभर दुसऱ्यांना वीज पुरवणाऱ्या माणसाचा फोन कधीही चार्ज केलेला नसे.

"मी येईपर्यंत मातीला हात लावू नकोस," ती नोदिरला म्हणाली.

"ओपा, डांबर गरम येतं. ते थांबत नाही."

"मला ठाऊक आहे."

कोणता?

गुरुवार होता. म्हणजे एर्गाश अका कालव्याकाठच्या चोयखान्यात, मित्रांबरोबर, ओशच्या, म्हणजे पुलावाच्या, ताटावर. बाया तिथे सहसा जात नाहीत. ती गेली.

"अस्सलाम अलैकुम, अका. वहीतले सहाशे चाळीस–"

"वालेकुम अस्सलाम. आधी बस. आई बरी?"

"बरी. वहीतले–"

"भावाचं बाळ?"

"चालायला लागलं. अका, कोणत्या चिल्ल्यातले?"

अकांनी बोटांतला भात ताटात ठेवला. "हिवाळी."

हुलकार बसली.

"तेवढं लिहायला काय झालं होतं?"

"पोरी, हातमोजे घालून लिहिलंय मी ते. पेनातली शाई गोठली होती. चिल्ला कोणता, याची मला काय शंका असणार?"

"तिला वाटलं, एर्गाश उन्हाळ्यातपण काम करायचा," पलीकडचा म्हातारा म्हणाला. सगळे हसले.

"हसू नका. केबल कमी पडली. उन्हाळी पंखे त्यात धरलेच नाहीत."

"पंखे नाहीत, खरंय," अका म्हणाले. "आणि हिटर?"

"कुठले हिटर?"

६४० − १७५

त्या जानेवारीत गॅस गेला होता, गेला तो तीन आठवडे आलाच नाही. थंडीने सूत तुटायला लागलं, तेव्हा त्या वेळच्या संचालकाने अंदिजानच्या बाजारातून साठ हिटर उचलून आणले, दोनदोन किलोवॅटचे, आणि अकांनी ते स्वतः जोडले, गिरणीतल्या मुली त्यांच्यावर सोमसा गरम करत, आणि मुख्य स्विच सारखा पडे, म्हणून अका वीज मोजायचा टाँग टेस्टर घेऊन

"थांबा. सहाशे चाळीस मोजले तेव्हा साठच्या साठ चालू होते?"

"बंद करायची कुणाची छाती होती? मी केले. पाच मिनिटं, नुसतं बघायला. काटा चारशे पासष्टवर आला. मुलींनी माझ्या सात पिढ्या काढल्या, म्हणून आकडा लक्षात आहे."

"चारशे पासष्ट. नक्की?"

"शिव्या म्हणून दाखवू?"

साठ गुणिले दोन, एकशेवीस किलोवॅट. तिने तळहातावर पेनाने ते तीन फेजांत भागलं. एकशे त्र्याहत्तर अँपिअर. काटा नि हिशोब, दोघांत दोनच अँपिअरचा फरक.

"नव्या इमारतीत काय आहे थंडीला?" अकांनी विचारलं.

"कोळशाचा बॉयलर."

"मग तुझं तोंड का असं?"

हुलकारने तळहाताकडे पाहिलं. चारशे पासष्ट अधिक दीडशे.

६१५

तिने तिथूनच नोदिरला फोन करून माती लोटायला सांगितलं. मग अकांनी पुढे केलेला घास तिने खाल्ला, आणि मग कुणी न विचारता आणखी बरेच.

ती परतली तेव्हा शोकिर अका खंदकाशी उभे होते. माती अर्ध्यावर आली होती. तिने त्यांना सगळं सांगितलं. दोन चिल्ले, साठ हिटर.

"म्हणजे कमी पडणार नाही?"

"नाही. उलट बरीच शिल्लक आहे."

"मग सांगितलंस कशाला?"

"आकडा चालून गेला, अका. मी चुकलेच होते."

शोकिर अकांनी टोपी काढून डोकं पुसलं. "माझे सासरे म्हणाले होते, चिल्ला संपला की लग्न. मी फेब्रुवारीत मित्रांना घेऊन दारात हजर."

"आणि?"

"त्यांच्या मनात ऑगस्ट. सहा महिने त्यांची लाकडं फोडली, हुलकारखोन. तुझी तीन तासांत सुटका झाली."

ती हसली, नको तितकी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जेसीबीने शेवटची माती लोटली. फाटकाबाहेर डांबराची गाडी हॉर्न वाजवत होती.