खुशालरावाच्या दारावरची कोरफड

"ढोरं खाऊन गेली म्हनतं? कोरफडीले कोन्तं ढोर तोंड लावते रे? सांग मले, कोन्तं ढोर?"

सकाळच्या उन्हात बांधावर उभी राहून सुभद्रा आपल्या लेकाला, चंद्रभानला विचारत होती आणि चंद्रभान तोंड फिरवून कापसाच्या पराटीकडे बघत होता. बोंडं वेचून झाली होती, नुसत्या काड्या उभ्या होत्या. त्यांची शेवटची ओळ पार बांधाच्या डोक्यावर चढलेली होती. जिथे सुभद्राच्या सासूने लावलेली कोरफड होती, तिथेही आता पराटीच होती.

ती कोरफड काही कालपरवाची नव्हती. सासू लग्न होऊन आली तेव्हा मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या माहेराहून एक पिल्लू पदरात बांधून घेऊन आली होती. साठ वर्षांत त्याची चांगली जाळी झाली. लेकराला खोकला झाला की भाजलेल्या पानाचा रस, डोळे आले की गराची पट्टी, जुवाने बैलाचा खांदा सोलला की त्यावर गर. भाजण्यापोळण्यावर तर गावाला दुसरं औषधच ठाऊक नव्हतं. सुभद्राने कधी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. पान कापलं की आधी उभं धरून पिवळा चीक गळू द्या, तो पोटात गेला तर माणूस ढाळून ढाळून आडवा होतो, एवढं मात्र ती प्रत्येकाला बजावायची.

आणि आज तिच्याच सुनेसाठी एक पान नव्हतं.

त्या साली साऱ्या वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सात समुद्रापलीकडे गोरे आपसात लढत होते म्हणे, आणि त्यांच्या लढाईपायी इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी ज्वारी मोडली, भाजीचे वाफे मोडले, बांध मोडले. वेचलेला कापूस ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा माणसं ओसरीत निजली आणि कापूस घरात निजला. चंद्रभानच्या घरात तर आढ्यापर्यंत कापूस, आणि कोपऱ्यात हातभर जागेत चूल. काल सकाळी त्या चुलीतून ठिणगी उडाली. सून जमुना भाकर थापत होती, तिची चार महिन्यांची पोरगी कापसालगतच्या झोळीत निजली होती. जमुना जळता कापूस हातांनी, छातीने रेटत तशीच जाळात घुसली आणि पोरीला कवटाळून बाहेर आली. पोरीला चटकासुद्धा लागला नाही. जमुनाचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि छाती मात्र भाजून निघाली.

शेजारी धावून आले होते, नाही असं नाही. पण ते धावले कापूस उपसायला. चंद्रभानही त्यांच्यातच होता. सुभद्राने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बोलतं का नाई?" ती पुन्हा म्हणाली.

"खुशालराव पाटलाले देल्ली," चंद्रभान खालमानेने म्हणाला. "कोठाराच्या दारावर टांगाले. आपली गाडी त्याच्या तांड्यासंगं अमरावतीले नेतो म्हने. वाटेत लुटारू हायेत माय, एकटी गाडी कशी न्याची? अन् अठी कापसाची एक ओळबी वाढली."

"साऱ्या साऱ्या देल्ल्या?"

"साऱ्या."

कोरफड मुळांवर उलटी टांगली की तिला माती लागत नाही, पाणी लागत नाही, महिनोन्‌महिने ती जिवंत राहते. ती हिरवी आहे तोवर त्या दाराला दृष्ट नाही आणि आग नाही, असं लोक मानत आले होते. एरवी दारावर एखादी असायची. यंदा कापूस पेटेल या धाकाने ज्याने त्याने रानावनातली कोरफड खणून काढली होती. सुभद्रा कालच दोन कोस चालून माळ्याच्या मैनाबाईकडे जाऊन आली होती. तिच्या मळ्यातही वांग्यांच्या जागी पराटीच, आणि कोरफडीच्या जागी खड्डा.

सुभद्राने कमरेचा विळा चाचपला आणि ती गावाकडे चालू लागली. चंद्रभान मागून निघाला.

खुशालरावाच्या कोठारापुढे उद्याच्या तांड्यासाठी गाड्या भरणं चाललं होतं. दारावर सुतळीला सात कोरफडी उलट्या लोंबत होत्या. तिच्या जाळीतल्या या कडेच्या दोनच तगल्या होत्या. पानं लालसर पडून चिमली होती, पण अजून जीव धरून होती.

"पाटील, माही सून जयली. माह्या दोन मले काढून द्या."

खुशालराव काही दुष्ट माणूस नव्हता. त्याचा चेहरा खरोखरच पडला. "वयनी, ज्वारी घेऊन जा, तूप घेऊन जा. पन त्याले हात नोको लावू. अर्ध्या गावाचा कापूस आत हाये. एक काढली अन् आग लागली, तं कोन भरून देईन?"

"ज्वारी काय फोडाइवर बांधू?"

"उद्या गाड्या निंगल्या का मंग ने."

"उद्यापरेंत माही सून काय कोठारात ठेवू?"

गाड्या भरणारे हात थांबले होते. सुभद्राने एकेकाकडे पाहिलं. "रामराव, तुह्या बैलाचा खांदा कोनं भरला? देवीदास, तुह्या लेकराचा खोकला कोनं काढला? बोला न बापा! आता काहून सारे मुके झाले?"

रामराव कापसाचं गाठोडं उचलू लागला. देवीदास म्हणाला, "काकू, माहाबी कापूस आतच हाये न."

तिला रडू आलं नाही, संताप आला. असा संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता. ती गाडीच्या जुवावर पाय देऊन चढली. बाईमाणसाला हात कोण लावणार? विळ्याने सुतळी कापली आणि दोन्ही कोरफडी तिच्या पदरात पडल्या.

"चंद्रभान," खुशालराव थंडपणे म्हणाला, "तुही गाडी माह्या तांड्यात येनार नाई."

चंद्रभान पुढे झाला. त्याने आईला हात देऊन खाली उतरवलं.

घरी येऊन सुभद्राने पानं कापली, उभी धरून चीक गाळला, साल सोलली. पेरणीपासून लोंबकळलेल्या त्या पानांत गर तो किती असणार! ओंजळसुद्धा भरली नाही. हातांना पुरला असता, नाहीतर छातीला.

"आत्याबाई, छातीले लावा," जमुना म्हणाली. "पोरगी कालपासून उपाशी हाये. हात राहू द्या."

कालपासून पोरगी साखरेच्या पाण्यावर होती आणि आता तिच्या रडण्यातही दम उरला नव्हता. सुभद्राने हलक्या बोटांनी गर लावला. जमुनाने डोळे मिटून सुस्कारा सोडला, दोन दिवसांतला पहिला. थोड्या वेळाने सुभद्राने पोरीला तिच्या छातीशी धरलं. पोरीने अधाशासारखं तोंड लावलं, आणि लगेच तोंड वेडंवाकडं करून मागे घेतलं. पुन्हा लावलं, पुन्हा थुंकून टाकलं आणि टाहो फोडला.

सुभद्राने कपाळावर हात मारून घेतला. मोठ्या लेकरांची अंगावरची सवय तोडायला साऱ्या गावच्या बाया हाच कडू गर लावत होत्या. तिने स्वतः चंद्रभानला असंच तोडलं होतं. आणि घाईत तिला त्याचा विसर पडला.

आगीत न रडलेली जमुना आता ढसाढसा रडली. "माहं दूध कडू झालं, आत्याबाई. माही पोरगी मले थुकून राहिली."

"नाई वो माय, नाई. दूध नाई कडू झालं."

"मंग पुसा थे."

"पुसलं तं लावलेलं सारं जाईन. पुसतानी कातडी निंगन. अन् वरून पोरगी ओढन."

"ओढू द्या," जमुना म्हणाली.

सुभद्राने फडकं कोमट पाण्यात भिजवलं. चंद्रभान दारात उभा होता. त्याला तिने आत बोलावलं आणि बायकोचे खांदे धरायला लावलं. जमुनाने पदराचा बोळा दातांत धरला. गर निघाला, आणि त्याच्याबरोबर कातडीही निघाली.

पोरीने तोंड लावलं. या वेळी तिने सोडलं नाही. जमुना थरथर कापत राहिली, चंद्रभानच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या केसांत पडत राहिलं, आणि पोरगी पोट भरेपर्यंत पीत राहिली.