नोरमुरोदचा कान

कोकंदच्या बाजारात झुलखुमोरच्या चिनीमातीच्या दुकानात नोरमुरोद कामाला लागला, तेव्हा आजूबाजूचे दुकानदार पोट धरून हसले. हसतील नाही तर काय! एकतीस वर्षं ज्या माणसाने रेल्वेच्या आगारात लांब दांड्याच्या हातोडीने गाड्यांची चाकं ठोकून पाहिली, तो आता चहाचे पियाले वाजवून बघणार म्हणे. "अका, हातोडी घरी ठेवून आलात ना?" समोरचा बेदाणेवाला रोज विचारायचा; अका म्हणजे थोरला भाऊ.

पण झुलखुमोर बाई हुशार. तिने बरोबर ओळखलं होतं की काम तेच आहे. धड चाक झणकारतं, तडा गेलेलं बद्द वाजतं, पियाल्याचंही तसंच. रिश्तानच्या भट्ट्यांमधून गवतात गुंडाळलेला माल यायचा आणि त्यातले केसासारखे तडे डोळ्यांना दिसायचे नाहीत. नोरमुरोद तीन बोटांवर पियाला तोलायचा, लाकडी काडीने कडेला टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "चोख!" आगारातलाच शब्द तो इथे घेऊन आला होता. हळूहळू गिऱ्हाइकंच विचारायला लागली, "हे चोखवाल्या अकांनी बघितलेत का?"

त्या माणसाला काय बरं वाटलं असेल! आगारात चाकं तपासायचं यंत्र येतंय, असं सांगून त्याला लवकर निवृत्त केलं होतं. त्यानंतरचं वर्ष त्याने अंगणातल्या तुतीखाली बसून काढलं. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच ऐकवायचा, "यंत्राला कान असतो का? सांगा की!" बायको बिचारी कंटाळून शेजारी जाऊन बसायची. दुकानात लागल्यापासून तो दाढी करून, टोपी झटकून घराबाहेर पडायला लागला. कान आपला होता, आपल्यापाशीच होता, आणि कुणाला तरी अजून हवा होता.

मग ते लग्न आलं. चांदीकाम करणाऱ्या एका बड्या घरात मुलाचं लग्न. दोनशे पियाले गेले, एकेक नोरमुरोदने वाजवलेला. लग्नाच्या सकाळी पुलावाची पंगत असते, तिथे मुलीचा बाप पहिल्या मानाच्या जागी बसला. मुलाच्या बापाने स्वतः उठून त्याला चहा दिला, आणि व्याह्याच्या हातात पियाला उभा दुभंगला. चहा सगळा मांडीवर. आता भाजलं त्याचं एवढं काही नाही. पण आमच्याकडे फुटका पियाला पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे 'तू आम्हाला जड झालास' असं तोंडावर सांगणं. आणि तेही व्याह्याला, तेही पुलावाच्या पंगतीत! मुलीचा बाप उठला. त्याच्यामागे त्याची सगळी माणसं उठली. लग्न मोडलं नाही, पण जुळवता जुळवता दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या नाकी नऊ आले.

माल परत आला. झुलखुमोर ओरडली नाही, हे नोरमुरोदला जास्त लागलं.

"अका, पोचवताना आदळला असेल," ती म्हणाली. "पण तुम्ही एकदा कान दाखवून घ्या. माझ्यासाठी."

"माझा कान?" नोरमुरोद तडकला. "अगं पोरी, तू रांगत होतीस तेव्हा हा कान ताश्कंदची गाडी पास करत होता! तुझे हमाल आदळतात आणि नाव माझं?"

त्याने परत आलेल्यांतले सहा पियाले रुमालात बांधले आणि तरातरा एर्गाशकडे निघाला. एर्गाश म्हणजे त्याचा जोडीदार. गाडीच्या डाव्या अंगाने नोरमुरोद, उजव्या अंगाने एर्गाश, अशी दोघांची सगळी उमर गेली होती. एर्गाश अजून नोकरीत होता, नोरमुरोदच्या समजुतीने त्या नव्या यंत्रावर, आणि आज त्याची सुट्टी होती. एर्गाशने एकदा पियाले चोख आहेत म्हटलं, की झुलखुमोरचं तोंड बंद होणार होतं.

"बस गड्या, नान खा," एर्गाश म्हणाला.

"नान राहू दे. हे वाजव."

एर्गाशने सहाही वाजवले. सावकाश, एकेक. "चांगले आहेत," तो म्हणाला.

नोरमुरोद हसणार होता. पण त्याचं लक्ष सतरंजीकडे गेलं. चार पियाले एर्गाशच्या उजव्या गुडघ्यापाशी होते आणि दोन लांब, डावीकडे, पालथे. तोंड खोटं बोललं होतं; हाताला मात्र जन्माची सवय होती, धड माल एकीकडे आणि तड्याचा एकीकडे.

"हे दोन पालथे का रे?"

"असेच."

"एर्गाश!"

एर्गाशने नानचा तुकडा उगाच कुस्करला. "फुटके आहेत," तो म्हणाला. "दोन्ही."

"मग चांगले का म्हणालास?"

"मला सवय झालीय, तुझ्यापुढे सगळं चांगलंच म्हणायची." आणि मग इतकी वर्षं गिळलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. "तुला बोलणं ऐकू येतं रे, पण बारीक झणकार ऐकू येईनासा झाला. चार वर्षं झाली. माझी बाजू संपली की मी विडी ओढायला पलीकडे जातो म्हणायचो ना? विडी कसली? तुझी बाजू परत ठोकायचो. मग माझेच गुडघे गेले. साहेबांच्या हातापाया पडलो, म्हटलं, त्याला कानाचं सांगू नका, मरेल तो. यंत्राचं काहीतरी सांगा."

"म्हणजे यंत्र..."

"कुठलं यंत्र? अजूनही मीच ठोकतोय."

नोरमुरोदचा चेहरा लालबुंद झाला. "खोटं! मला ऐकू येतं. अजून येतं. वाजव, त्या पालथ्यातला वाजव. आत्ता!" त्याने डोळे घट्ट मिटले, मान डावीकडे कलती केली, गाडीपाशी करायचा तशीच. थोडा वेळ गेला. मग तो झणकार आला, स्वच्छ, लांबलेला, ओळखीचा.

"चोख!" तो म्हणाला. "ऐकलंस? चोख आहे."

नोरमुरोदने डोळे उघडले. पियाला सतरंजीवर पालथाच होता आणि काडी एर्गाशच्या मांडीवर आडवी पडलेली होती.

"मी अजून वाजवला नाही रे," एर्गाश म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नोरमुरोद बराच वेळ त्या काडीकडे बघत राहिला. बाजाराची, झुलखुमोरची, उद्या सकाळी टोपी झटकून कुठे जायचं याची, कशाची म्हणून त्याला आठवण राहिली नाही. त्याला फक्त प्रवासी गाड्या दिसत होत्या, खिडक्यांतून टरबुजं घेणाऱ्या बाया, झोपलेली पोरं, आणि गार्डाला हात वर करून 'जाऊ दे' म्हणणारा तो स्वतः.

"किती सापडली?" त्याने विचारलं. "माझ्या बाजूला, तडा असून मी सोडलेली चाकं?"

"कशाला विचारतोस आता? झालं गेलं."

"एर्गाश, तुझ्या पाया पडतो. किती?"

"सात."

नोरमुरोदने दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले आणि एवढा मोठा माणूस एर्गाशच्या सतरंजीवर पोरासारखा हुंदके देऊन रडला.