दगूबाईंच्या परत येण्याची हमी

दगूबाईंना एवढंच हवं होतं, की नात चालायला लागायच्या आत तिला एकदा कडेवर घ्यावं. लेक दिपाली मेलबर्नला, बाळंतपण तिकडेच झालेलं, आणि आजी इकडे कोरीटला मोबाईलच्या काचेवरून नातीचे गाल कुरवाळत बसलेली. अशात व्हिसा नाकारला गेला. कारण काय, तर ही नवरा-बायको एकदा तिकडे गेली की परत येतील, याची तिथल्या साहेबाला खात्री वाटत नव्हती.

"मी परत नही येनार?" दगूबाईंचे यजमान रतिलालभाऊ उसळले. "मंग मन्ही केळी काय तो साहेब यीसन देखी का?"

पण खरं सांगायचं तर घोळ भाऊंनीच घातला होता. अर्ज भरून देणाऱ्या नंदुरबारच्या माणसानं विचारलं, ऑस्ट्रेलियात नातेवाईक कोण कोण आहेत? झालं, भाऊंची छाती फुगली. गावातलं, शिवेपलीकडचं, सोयऱ्यांच्या सोयऱ्यांचं जे जे पोर तिकडे गेलं होतं ते ते त्यांनी भाचा नाहीतर पुतण्या म्हणून लिहायला लावलं. त्यात तळोद्याच्या भाईदासचा मिथुन तर "सख्खा पुतण्या". भाईदास आणि भाऊ एका बोर्डिंगात शिकले, एका ताटात जेवले, एवढ्यावर त्याचं पोर सख्खं झालं! आणि इथे घरी कोण? "आम्ही दोन." भिंतीपलीकडे सख्खा भाऊ, समोर चुलते, मागच्या दारी पुतणे, पण ते काय मुद्दाम सांगायचं असतं? ते तर आहेतच. कागदावर चित्र असं उमटलं की दोन म्हातारी माणसं इकडे आणि अख्खं गणगोत तिकडे. साहेबानं तरी दुसरं काय समजावं!

दिपालीनं तिकडे अपील केलं. सुनावणी व्हिडिओवर होणार होती. तिची वकीलबाई म्हणाली, वडिलांनी फक्त एवढंच सांगावं, की ही सगळी ओळखीची मुलं आहेत, नातं काही नाही. भाऊ ऐकेनात.

"जवाई गावले गयथा, तुले कळा सुटन्यात, तवय दवाखानामा कोन लई गया? मिथुनच ना? त्याले मी परका म्हनू?"

"पप्पा, कागदापुरतं."

"कागदवर बी नही."

दगूबाई भडकल्या. पुढे चार दिवस भाऊंसमोर चहाचा कप असा आदळत राहिल्या की निम्मा चहा बशीत. "तुमना पुतण्याना पायी मन्ही नात ऱ्हायी जाई," असं येता-जाता ऐकवलं. पण मनातून त्यांना ठाऊक होतं, मिथुनला परका म्हणणं त्यांच्या जिभेलाही जमणार नाही. पोरगं दर सणाला "काकू" म्हणून फोन करतं. म्हणून तर राग जास्तच येत होता.

सुनावणीच्या दिवशी भल्या सकाळी दोघं ठेवणीतले कपडे घालून मोबाईलसमोर बसली. पडद्यावर पांढऱ्या केसांची अधिकारी बाई, एक दुभाषी बाई आणि कोपऱ्यात दिपाली. अधिकारी बाईनं भाऊंना विचारलं, मिथुन तुमच्या सख्ख्या भावाचा मुलगा का?

"नाही मॅडम," भाऊ कचेरीतलं मराठी जपून बोलले. "पण पुतण्या आहे."

"म्हणजे नातेवाईक नाही?"

"आहे."

दिपालीनं डोळे मिटून घेतले. अधिकारी बाई दगूबाईंकडे वळली. "तुमची इतकी माणसं इथे आहेत. मग तुम्ही परत कशासाठी जाल?"

उत्तर वकीलबाईनं पाठ करून घेतलं होतं: घर, शेती, गावातलं मंदिर. दगूबाईंनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"बाई, मन्हं माहेर खापरले. माय, बाप, भाऊ, मैतरनी, मन्हा सगळा लोके तठेच. लगीन व्हयनं तवय आठे मन्हं कोन व्हतं? हाऊ एक मानूस." त्यांनी भाऊंकडे बोट केलं. "तवयपासून दर आखाजीले मी माहेर जास. झोकावर बसस, गाना म्हनस. परत यावानं मन एक साल बी व्हत नही. खोटं कशाले बोलू? पन दर साल परत येस. नातले सोडीसन यावानं बी मन व्हनार नही. रडत रडत येसू. पन येसू."

भाऊंनी कपाळाला हात लावला. परत यायचं मन होणार नाही, हे वाक्य काही झालं तरी बोलायचं नाही, असं वकीलबाईनं बजावलं होतं. दुभाषी बाईनं घसा साफ करून सगळं इंग्रजीत सांगितलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या सणाला खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, हेही सांगितलं. अधिकारी बाईनं चष्मा काढून ठेवला.

"तुम्हाला परत न्यायला कोणी येतं का?"

"हाऊच येस ना! चार दिन ऱ्हाय म्हनीसन धाडी देस, आन दुसराच दिन दारमा उभा!"

भाऊ लाजून पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. दुभाषी बाईला आधी हसू आवरेना, मग अधिकारी बाईला.

काही आठवड्यांनी निकाल लागला. अपील मंजूर झालं आणि पाठोपाठ व्हिसाही आला. दिपालीनं फोन केला तेव्हा दगूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या.

"आई, तू खरंच इथून रडत जाशी का?"

दगूबाई थांबल्या. दिपालीची सुट्टी संपली की गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या दारात उभ्या राहायच्या आणि मग घरात येऊन भांड्यांवर राग काढायच्या. खापरला त्यांची मायही अशीच उभी राहायची. तेव्हा दगूबाईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं, आणि त्याचं आता त्यांना फार वाईट वाटलं.

"मी तं रडसूच," त्या म्हणाल्या. "पन यंदा दारमा उभं ऱ्हावानी पाळी तुन्ही शे, बाई."

तिकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"पहिले ये तं खरी," दिपाली म्हणाली.