तळहाताएवढा खेळ

मुंगी रांगायला लागली आणि मी कामावर परत गेले. मुंगी म्हणजे माझी लेक. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण दिसेल ती वस्तू ओढत नेते म्हणून तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे ठेवलं आणि तेच चिकटलं. काम विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्रात. परदेशी पाहुण्यांची व्याख्यानं, प्रदर्शनं, कलावंतांचे कार्यक्रम ठरवायचे, सतरा जणांना फोन करायचे आणि शेवटी पाहुण्यांना गाडीत बसवून हसून हात हलवायचा, हे सगळं माझ्याकडे.

माझी जागा मुळात एका करारातून जन्मलेली. दूरच्या एका देशाचं सांस्कृतिक केंद्र आमच्या शहरात आहे. त्यांनी कलावंत पाठवायचे, आम्ही जागा आणि प्रेक्षक द्यायचे, आणि मधल्या धावपळीसाठी त्यांची भाषा येणारं एक माणूस ठेवायचं, अशी तीन वर्षांची भागीदारी. ते माणूस मी. करार त्या महिन्यात संपत होता. पुढे चालू राहिला तर मी राहणार, नाहीतर घरी बसणार. घरी बसणं वाईट नाही. पण सकाळी मुंगीचा पापा घेऊन निघताना जीव तुटायचा आणि केंद्राच्या पायऱ्या चढताना तोच जीव हलका व्हायचा, हेही खरंच होतं. मला दोन्ही हवं होतं.

निर्णय त्या सांस्कृतिक केंद्राच्या अधिकारी बाईंच्या हातात. बाई अतिशय शिष्ट, ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. आपली मराठी त्या जपून जपून बोलत. कराराचं विचारलं की मंद हसायच्या आणि कार्यक्रम छान झाला म्हणायच्या. प्रत्येक कार्यक्रमानंतर हेच म्हणत असल्यामुळे त्याचा अर्थ काहीच लागायचा नाही.

आमच्या संचालकसरांचा हिशेब सोपा होता: खुर्च्या. मोठं सभागृह, भरलेल्या खुर्च्या आणि व्यासपीठावरून काढलेला फोटो. मागच्या रांगांसाठी पहिल्या वर्षाची मुलं, त्यांना हजेरीचं आमिष. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय, मनोगत. नमनालाच घडाभर तेल जायचं आणि कलावंताच्या वाट्याला यायचा थेंब. सर मनानं वाईट नाहीत. मुंगी झाली तेव्हा आवर्जून घरी आले होते आणि पाळण्यापाशी उभं राहून तिच्या उज्ज्वल भवितव्याविषयी चार शब्दही बोलले होते. मुंगी झोपली. सर म्हणाले, ऐकण्याची सवय आहे हिला.

करारातला शेवटचा कार्यक्रम होता त्या देशातून आलेल्या एका बाहुलीवाल्या आजीबाईंचा, शनिवारी दुपारी. त्यांना मी आधी सगळं विचारून घेतलं होतं. दिवे कसे हवेत, टेबल केवढं, जिने चालतील का, जेवायला काय चालतं. बाहुल्या केवढ्या, एवढंच विचारायचं राहिलं. आमच्या केंद्रात सभागृह केवढं एवढंच विचारायची पद्धत.

त्या दिवशी नवरा गावाला गेलेला, म्हणून सासूबाई मुंगीला घेऊन माझ्याबरोबर आल्या. सभागृहामागच्या खोलीत आजीबाईंनी पेटी उघडली. बाहुल्या तळहाताएवढ्या. एका बाहुल्याच्या पायातले बूट तर मसुराच्या दाण्यासारखे. आजीबाईंनी पडद्याआडून सभागृहाकडे पाहिलं, सावकाश, शेवटच्या रांगेपर्यंत. मग शांतपणे म्हणाल्या की खेळ मी करीन, पण तिसऱ्या रांगेपलीकडे लोकांना फक्त माझे पांढरे केस दिसतील.

सरांना मी हे सांगितलं. सर म्हणाले कॅमेरा लावू, मोठ्या पडद्यावर दाखवू. आजीबाईंनी नकारार्थी मान हलवत म्हटलं, मग मी फिल्मच पाठवली असती की, स्वतः कशाला आले असते? सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांची समजूत घाला म्हणाले, बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्याही आहेत.

तेवढ्यात मुंगी रडायला लागली. तिची भूक काही करारबिरार जाणत नाही. मी तिला घेऊन समोरच्या वाचनखोलीत गेले, कपाटांच्या मधे जमिनीवरच बसले आणि पाजायला घेतलं. आजीबाई पेटी घेऊन मागोमाग आल्या. त्यांनाही जरा बसायचं होतं. बसल्या बसल्या त्यांनी तो बुटवाला बाहुला हातावर चढवला. बाहुला दमून घरी आला, बूट काढले, आडवा झाला. आणि बूट आपले आपण निघाले चालायला. दूध पिताना मुंगी साऱ्या जगाकडे पाठ फिरवते, घर पडलं तरी बघायची नाही. तिनं तोंड सोडलं आणि वळून त्या बुटांकडे टक लावून पाहिलं.

मी नजरेनं अंतर मोजलं. एवढ्यावरून दिसतं. एवढ्यावरूनच दिसतं.

आजीबाईंना विचारलं, पुन्हा पुन्हा करता येईल का? त्या म्हणाल्या, त्यांची आई बाजारात बसून दिवसभर करायची. मग मी सरांकडे गेले. तुम्ही भाषणं सभागृहातच करा म्हटलं, अगदी सावकाश करा. मी मागच्या दारानं थोडे थोडे लोक वाचनखोलीत नेते आणि परत आणून बसवते. खुर्च्या भरलेल्याच राहतील. सरांना त्यातलं ‘सावकाश’ फार आवडलं.

मागच्या रांगेतली मुलं आधी नेली. खेळ संपला की परत यायचं ठरलं होतं, पण एकही परतलं नाही. बाहेरच्या व्हरांड्यात उभी राहून एकमेकांना बोटांनी बूट चालवून दाखवत होती. ते पाहून पुढचे उठले, त्यांचं पाहून त्यांच्या पुढचे. सभागृह मागून रिकामं होत चाललं, जसं काही कुणी सतरंजी गुंडाळत यावं. पुढे बसलेल्या बाईंना पत्ता नव्हता. सरांना होता. ‘दोन संस्कृतींमधला सेतू’ इथपर्यंत आलेले सर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत थांबले. फोटोवाल्यानं कॅमेरा गळ्यातून काढून ठेवला.

सर थांबले म्हणून बाईंनी मागे वळून पाहिलं. मग उठल्या आणि सरळ दाराकडे, माझ्याकडे आल्या. मी मनातल्या मनात टेबलाचा खण आवरायला घेतला. बाईंनी फक्त विचारलं, कुठे? मी वाचनखोली दाखवली.

आत सगळे खाली बसलेले. मुंगीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंच्या शेजारी हातभर जागा होती, तिथे बाई त्यांच्या इस्त्रीच्या कपड्यांसकट टेकल्या. सासूबाईंना त्या कोण हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्या म्हणाल्या, “धर गं हिला जरा, पाय आखडलाय माझा.” आणि मुंगी बाईंच्या मांडीवर गेली. बूट निघाले, बैठ्या टेबलाच्या कडेला आले. मुंगीनं हात पुढे केला. आजीबाईंनी एक बूट अलगद तिच्या बोटावर चढवला, मनगटापर्यंत नेला, परत आणला. बाई श्वास रोखून बसल्या होत्या, कारण त्या हलल्या असत्या तर बूट पडला असता.

तेवढी फेरी संपल्यावर व्हरांड्यात सरांनी बाईंना गाठलं. सभागृह सुरुवातीला खरोखर भरलेलं होतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाईंच्या कडेवर मुंगी तशीच होती.

“मी तीन वर्षं पुढे बसले,” बाई एकेक शब्द शोधत म्हणाल्या. “मागे कोण बसतं, कधी कळलं नाही. मी वरती सांगून टाकलं होतं, इथलं आता पुरे.”

सरांचा चेहरा उतरला. माझा काय झाला असेल, मला दिसला नाही.

“आता परत सांगावं लागेल. तीन वर्षं मिळणार नाहीत. एक मागते. पण ते सभागृह नको.”

“आणि भाषण?” सरांनी इतक्या काकुळतीनं विचारलं की मला त्यांची दया आली.

“एक. छोटं.”

मग त्या फोन कानाला लावून व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. मुंगीला परत घ्यायला मी मागे गेले, आणि थबकले. ती त्यांचं कानातलं ओढत होती आणि त्या तिला ओढू देत होत्या. पलीकडून कुणीतरी हुज्जत घालत असावं. बाई त्यांच्या भाषेत बोलत होत्या, आणि ती भाषा मला येते. आधी म्हणाल्या, हो, मीच नको म्हटलं होतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, नाही, प्रेक्षक किती होते ते मी मोजलं नाही. आणि मग, अगदी साध्या आवाजात, तेच माणूस राहू दे, तिला काम कळतं.

आतून सासूबाईंनी हाक मारली की दारात गर्दी झालीये, पुढच्यांना आत सोडायचं की नाही? मी मुंगीला तिथेच राहू दिलं आणि कामाला गेले.